मित झहरानमध्ये कुणालाच चक्कर येत नाही

प्रश्न क्रमांक नऊ डॉक्टर रिफअत बदरान दिवसातून तीस वेळा विचारायचा, आणि उत्तर यायच्या आधीच रकान्यात खूण करून मोकळा व्हायचा, कारण उत्तर कधी बदलतच नसे.

"गोळी सुरू केल्यापासून काही त्रास?"

"अल्हमदुलिल्लाह."

झालं. देवाची कृपा, म्हणजे त्रास नाही. पुढचा.

कंपनीने रक्तदाबाची नवी गोळी बाजारात आणली होती, सेरनाविल नावाची. परवाना मिळाला होता, जाहिराती झाल्या होत्या, आणि आता ती खऱ्याखुऱ्या माणसांना कशी मानवते ते बघायला देशभरातल्या चाळीस दवाखान्यांत सहा महिन्यांची पाहणी चालली होती. दर रुग्णाला एक क्रमांक, दर महिन्याला एक फॉर्म, दर फॉर्मवर अकरा प्रश्न. मित झहरानसारख्या नाईलच्या डेल्टातल्या आडगावी बसून रिफअतने एकशेवीस माणसं नोंदवली होती. एवढी कैरोतल्या बड्या धेंडांनाही जमली नव्हती.

रिफअत लबाड नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गावातले बाकीचे दोन डॉक्टर पदवी हातात पडल्यापासून कंपन्यांच्या कॅलेंडरापलीकडे काही वाचत नव्हते. हा वाचायचा. सकाळी गरम तामियाचे वडे पावात कोंबून खाता खाता नवी संशोधनं वाचायचा, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वैद्यकीय मासिकावर तेलाचा डाग होता. वाचलेलं मग रुग्णांना सांगायचा. गुडघा धरून आलेल्या कोळ्याला तो डेन्मार्कातल्या चार हजार गुडघ्यांची हकीकत ऐकवायचा, आणि शुक्रवारचं प्रवचन चालू असल्यासारखा कोळी मान डोलवत राहायचा. पण सव्वीस वर्षं दुसऱ्यांचीच नावं वाचून त्याच्या मनात एक सल राहून गेला होता. एकदा, फक्त एकदा, कुठल्यातरी संशोधनाखाली आपलं नाव छापून यावं.

चौथ्या महिन्यात बासेलचा फोन आला. बासेल हा कंपनीचा माणूस. औषधशास्त्र शिकलेला, म्हणून त्यालाही सगळे डॉक्टरच म्हणायचे, आणि तो समोरच्याला गरजेप्रमाणे काहीही म्हणायचा.

"प्रोफेसर रिफअत," तो म्हणाला. काल-परवापर्यंत नुसता डॉक्टर होता. "तुम्ही तिकडे काय चालवलंय काय? युरोपात शंभरातल्या चौदा जणांना उठून उभं राहताना चक्कर येते. आपल्या बाकीच्या दवाखान्यांत शंभरातल्या दोघातिघांना. आणि तुमच्याकडे एकशेवीसमध्ये एकालाही नाही. कैरोत सगळे तोंडात बोट घालून बसलेत."

"निरीक्षणं काटेकोर आहेत आमची," रिफअत म्हणाला.

"शंकाच नाही, प्रोफेसर. पण कारण काय असेल? काय खायला घालता तुम्ही लोकांना?"

बासेल हे गमतीने म्हणाला होता. पण रिफअतला हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढी फांदी पुरली. तो आठवडाभर विचार करत बसला. मित झहरानमध्ये असं काय खातात, जे स्टॉकहोममध्ये खात नाहीत? आठव्या दिवशी ताटातल्या मुलुखियाच्या हिरव्यागार बुळबुळीत पातळ भाजीकडे बघता बघता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आठवड्यातून चारदा मुलुखिया. लसणाच्या फोडणीची. हीच रक्तवाहिन्यांना सांभाळून घेत असणार.

त्याने चौदा पडद्यांचं सादरीकरण तयार केलं. नाव ठेवलं, 'मुलुखियाचं संरक्षक कवच: मित झहरानचा अनुभव'. कंपनीला ते इतकं आवडलं की त्यांनी मागे नाईलचं चित्र घातलं आणि रिफअतच्या नावाखाली सोनेरी रेघ ओढली. ऐन सुखना नावाच्या गावी समुद्रकाठच्या हॉटेलात परिषद होती, तिथे त्याला वीस मिनिटं मिळाली. वर, निबंध छापून येईल तेव्हा पहिलं नाव त्याचं. सोन्याहून पिवळं.

"मुलुखिया तर अख्खा देश खातो," अतियात म्हणाली.

अतियात म्हणजे दवाखाना. अठरा वर्षं ती दाराशी टेबल टाकून बसली होती. नंबर तीच लावायची, रक्तदाब तीच मोजायची, आणि तातडीच्या रुग्णांची वेगळी रांगही तीच चालवायची. ही तातडीची रांग नेहमीच्या रांगेपेक्षा लांब असायची, त्यामुळे शहाणी माणसं आपल्याला काही घाई नाही असं सांगून लवकर सुटायची.

"आपण जास्त खातो," रिफअत म्हणाला.

"जास्त काय खातो ते मला माहितीय, डॉक्टर. पण मला कोण विचारतंय."

तिला खरंच कुणी विचारलं नाही.

परिषदेला बारा दिवस उरले असताना सतरा क्रमांक आला. सतरा क्रमांक म्हणजे इन्साफ, हजला जाऊन आल्यापासून सगळ्यांची हग्गा इन्साफ. वय चौऱ्याहत्तर, गावच्या शाळेत छत्तीस वर्षं अंकगणित शिकवलेलं. रिफअतच्या तळहातावर तिच्या पट्टीचे वळ कधीकाळी उठले होते आणि तिच्यापुढे आजही त्याचे हात आपोआप टेबलाखाली जायचे. गावात त्याला नुसतं रिफअत म्हणणारी ती एकटीच उरली होती. आज तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता आणि भुवईवर जांभळा डाग होता.

"काय झालं, हग्गा?"

"न्हाणीत घसरले. पाय ओला होता."

"चक्करबिक्कर?"

"अल्हमदुलिल्लाह."

रिफअतने तिच्याकडे पाहिलं.  मग त्याने फॉर्मकडे पाहिलं. 'पडणे: औषधाशी संबंध नाही' असा एक रकाना होता. कंपनीने सोय करूनच ठेवली होती. त्याने खूण केली आणि तिला हाडासाठी कॅल्शियम लिहून दिलं.

ती गेल्यावर अतियात आत आली आणि कधी नव्हे ते दार लावून घेतलं.

"त्या घसरल्या नाहीत."

"तुला काय माहीत?"

"गावाला माहीत आहे. तुम्हाला सोडून. डॉक्टर, तुमच्या तोंडावर तुमच्या औषधाला कोण नावं ठेवणार? दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यावर मीठ कमी आहे म्हणतं का कुणी? त्यातून स्वतःच्या दुखण्याचा पाढा वाचायचा म्हणजे वरच्याचे उपकार विसरल्यासारखं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही विचारता कसे आहात, ते म्हणतात अल्हमदुलिल्लाह. आता यात कसं असण्याचा संबंध आला कुठे?"

"मग विचारायचं कसं? प्रश्न छापलेला आहे."

"त्यांना त्यांच्याबद्दल विचारूच नका. शेजारणीबद्दल विचारा."

"अतियात, हे शास्त्र आहे. हे काही विहिरीवरच्या गप्पा नाहीत."

"तेच तर," ती म्हणाली आणि पुढचा नंबर पुकारायला निघून गेली.

पुढचा नंबर होता उम्म सब्री, क्रमांक अठरा. ही हग्गा इन्साफच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायची. तिला काही त्रास होता का? अल्हमदुलिल्लाह. रिफअतने खूण केली, पेन खाली ठेवलं, आणि ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसासारखा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आणि आमच्या हग्गा कशा आहेत? तुमच्या वरच्या?"

उम्म सब्रीने आपली पिशवी खाली ठेवली. खुर्ची पुढे ओढली.

"काय सांगू, डॉक्टर. माझी झोप गेलीय. दोन महिने झाले, रोज पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज. बिछान्यापासून न्हाणीपर्यंत चार खुर्च्या मांडून ठेवल्यात तिने, एकीला धरून दुसरीपर्यंत जाते. बाजारातून येताना जिन्यात तीनदा बसते आणि कुणी आलं की बूट साफ करत असल्याचं सोंग करते. परवा पडली तेव्हा पाच मिनिटं डोळे उघडले नव्हते. पण मी काही बोलले नाही हं. मला काय दुसऱ्यांच्या भानगडीत पडायची सवय नाही."

रिफअतने खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं नाही. त्याला लाज वाटली आणि लाजेच्या मागोमाग भीती वाटली. ती हग्गाची भीती होती की सोनेरी रेघेची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळच्या नमाजाआधी तो हग्गाच्या घरी गेला. तिने दार उघडायला बराच वेळ लावला. आत बिछान्यापासून न्हाणीपर्यंत चार खुर्च्या एका रेषेत उभ्या होत्या, वर्गात बाकं लावावीत तशा.

"पाहुणे यायचेत का, हग्गा?"

तिने खुर्च्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला एवढा वेळ लागतोच.

"गोळी बंद करा," तो म्हणाला. "आजपासून. तुमची जुनीच गोळी परत घ्या."

"अजून दोन महिने आहेत. सहा महिने घेईन म्हणून सही केलीय मी. अर्धं गणित सोडून मी कधी उठले नाही."

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी दर महिन्याला विचारत होतो."

"काय लिहिलंस तू? दाखव."

फॉर्मांची फाईल त्याच्या बगलेत होतीच. तिने चष्मा लावला आणि एकेक पान उलटलं. चार महिने, चार खुणा. मग शेवटच्या पानावरची एकूण बेरीज पाहिली. शून्य.

"मी अल्हमदुलिल्लाह म्हणाले," ती सावकाश म्हणाली. "ते मी देवाला म्हणाले, रिफअत. तू ते गोळीच्या नावावर मांडलंस. उत्तर आधी लिहिलंस आणि गणित नंतर केलंस. चौथीत असताना हेच करायचास, मागचं पान बघून."

रिफअतचे हात पाठीमागे गेले. पण तिच्याकडे आज पट्टी नव्हती, आणि तिने चष्मा काढून शांतपणे डोळे पुसले, हे त्याला पट्टीपेक्षा जास्त लागलं.

पुढचे आठ दिवस त्याने प्रश्न क्रमांक नऊ विचारलाच नाही. कासाराला न्हाव्याबद्दल विचारलं, न्हाव्याला त्याच्या सासूबद्दल, सासूला सुनेबद्दल, आणि सुनेला तर विचारावंही लागलं नाही. हग्गा इन्साफने स्वतःबद्दल शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही, पण उम्म सब्रीचे घोटे भोपळ्यासारखे सुजलेत आणि ती सूप करायच्या पातेल्यात पाय बुडवून बसते, ही माहिती तिने तारीखवार पुरवली. लोक तासन्‌तास बोलत होते. दवाखान्यात इतका उत्साह दहा वर्षांत कुणी पाहिला नव्हता. रिफअत मग ज्याच्याबद्दल ऐकलं त्याला बोलावून घ्यायचा, आडवं झोपवून रक्तदाब मोजायचा, उभं करून पुन्हा मोजायचा. शेजारी खोटं बोलत नव्हते. यंत्रावरचा आकडा उभं राहताच धाडकन खाली यायचा.

एकशेवीसमधल्या अडतीस जणांना चक्कर येत होती. त्यातले नऊ पडले होते. ज्यांना ज्यांना त्रास होता त्यांची गोळी त्याने बंद केली, आणि आठव्या दिवशी बासेलला फोन लावला.

"पाशा," बासेल म्हणाला. एव्हाना बढती तिथवर पोचली होती. "पडदे पाठवताय ना? उद्या छापखान्याला द्यायचेत."

रिफअतने त्याला आकडा सांगितला. 

"प्रोफेसर," बासेल म्हणाला, "फॉर्मवर शेजाऱ्याचा रकाना नाही."

"मी स्वतः मोजलंय. उभं करून."

"उभं करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? फॉर्मवर बसून मोजायचं लिहिलंय. बघा, डॉक्टर," आणि इथे रिफअत पुन्हा होता तिथे आला, "कैरोच्या मोठ्या सरांनी मुलुखियावर प्रस्तावना लिहून ठेवलीय. तुम्ही या, चौदा पडदे दाखवा, मासे खा, समुद्र बघा. बाकीचं नंतर पाहू."

रिफअतने फोन ठेवला. खोटं कशाला सांगा, त्या रात्री त्याने चौदाही पडदे पुन्हा एकदा उघडून पाहिले. नाव फार सुंदर अक्षरांत होतं.

ऐन सुखनाच्या हॉटेलात सभागृह इतकं थंड होतं की डॉक्टरमंडळी उन्हाळ्यात कोट घालून बसली होती. मागच्या भिंतीला लागून जेवणाची टेबलं मांडली होती, आणि अर्धं लक्ष तिकडेच होतं. अध्यक्षस्थानी कैरोचे मोठे सर, केस काळेभोर रंगवलेले. रिफअत उठला. नाईलच्या चित्रावर त्याचं नाव झळकलं, खाली सोनेरी रेघ. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पहिला पडदा तसाच ठेवला आणि खिशातून कागद काढला.

"मुलुखियाचं काही खरं नाही," तो म्हणाला. "माझ्या एकशेवीस माणसांपैकी अडतीस जणांना चक्कर येते. नऊ जण पडले. त्यातल्या एक माझ्या बाई आहेत, चौथीच्या. चार महिने मला हे दिसलं नाही, कारण मी त्यांना विचारत होतो."

"मग समजलं कसं?" अध्यक्षांनी विचारलं.

"शेजारणीकडून."

सभागृह हसलं. मनापासून, पोट धरून हसलं. अध्यक्षांनीही हसून घेतलं आणि मग गंभीर झाले.

"डॉक्टर, जगात शास्त्र कुठे चाललंय आणि तुम्ही शेजारीण घेऊन आलात. असो. मीच विचारतो. इथे बाकीचे एकोणचाळीस दवाखाने आहेत. कुणाच्या रुग्णांना काही विशेष त्रास?"

"अल्हमदुलिल्लाह," पहिली रांग म्हणाली.

"अल्हमदुलिल्लाह," दुसरी म्हणाली, आणि मागून कुणीतरी "सगळं उत्तम" अशी भर घातली.

रिफअतच्या कानात अतियातचा आवाज घुमला. तो खाली उतरायला निघाला होता, तो थांबला. पहिल्या रांगेत दमनहूरचे डॉक्टर फिक्री बसले होते, पोटावर हात ठेवून, समाधानी.

"डॉक्टर फिक्री," तो म्हणाला, "तुमच्याकडे सगळं उत्तम असणारच. पण तुमच्या शेजारच्या गावी, डॉक्टर लमईंकडे कसं काय आहे?"

डॉक्टर फिक्रींनी पोटावरचे हात काढले.

"त्याचं नका विचारू," ते म्हणाले. "त्याची माणसं पडून पडून माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात चार आली, एकीचं मनगट मोडलेलं. ही गोळी खिरापतीसारखी वाटतो तो. मी बोलत नाही, जाऊ दे म्हणतो."

"कोण खिरापत वाटतो?" तिसऱ्या रांगेतून डॉक्टर लमई उभे राहिले. "आणि तुमचा तो इमाम नमाजात वाकला तो सरळ झालाच नाही, त्याला कुणी सलाईन लावलं? मी."

मग काही आवरलं नाही. जगाझिगवाला तांताबद्दल बोलला, तांतावाला कफ्र अल-शेखबद्दल, आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तर आपल्याच दवाखान्यात बसणाऱ्या मुलाबद्दल सांगितलं. प्रत्येकाचा स्वतःचा दवाखाना धुतल्या तांदळासारखा होता. बासेलने ध्वनिक्षेपक बंद केला, पण तोवर त्याची गरज राहिली नव्हती. पाऊण तास मासे थंड होत होते आणि तिकडे कुणी फिरकलं नाही. रिफअत पायरीवर बसून हॉटेलच्या चिठ्ठ्यांवर लिहून घेत होता, कुणाचं गाव, किती जणांना चक्कर, किती पडले. चिठ्ठ्या संपल्यावर त्याने मुलुखियाच्या प्रस्तावनेची मागची कोरी बाजू वापरली. दोनशे बाराला तो थांबला, कारण कुणीतरी दिवे घालवले.

कंपनीने पाहणी काही तांत्रिक कारणांनी थांबवली. गोळीच्या पाकिटातल्या पत्रकावर एक ओळ वाढली, 'उभे राहताना क्वचित तोल जाऊ शकतो', मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत. रिफअतचं नाव कुठेच छापून आलं नाही. मुलुखियाचा सिद्धांत मात्र वाया गेला नाही. हिवाळ्यात तो एका मासिकात आला, रिफअतने तो तामिया खाता खाता वाचला. पहिलं नाव मोठ्या सरांचं होतं, दुसरं बासेलचं. त्या पानावर तेलाचा डाग जरा मोठाच पडला.

त्याच आठवड्यात हग्गा इन्साफ आली. हात केव्हाच गळ्यातून सुटला होता. अतियातने तिचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं करून मोजला. आता सगळ्यांचा तसाच मोजायचा, असा दवाखान्याचा नियम झाला होता.

"कशा आहात?" असं रिफअतने तिला विचारलं नाही. उम्म सब्रीकडून त्याला आधीच कळलं होतं की वरच्या मजल्यावरून खुर्च्यांचा आवाज येणं बंद झालंय, आणि आता शांततेमुळे तिची झोप उडालीय.

हग्गानेही त्याला काही विचारलं नाही. ती टेबलापलीकडच्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग मान वळवून अतियातला म्हणाली, "हा कसा आहे गं?"

"नीट जेवत नाहीत, हग्गा," अतियात म्हणाली. "ते मासिक ड्रॉवरमध्ये ठेवलंय, दिवसातून दहादा उघडून बघतात. आणि परवा त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, मला म्हणाले कांदा."

"दवाखान्यात कांदा?"

"तेच मी म्हटलं."

रिफअतने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तू गप्प बस," हग्गा म्हणाली. "तुला कुणी विचारलेलं नाही." तिने त्याची फाईल पुढे ओढली, शेवटचं पान काढलं, जिथे आता शून्य खोडून अडतीस लिहिलं होतं, आणि सगळी बेरीज बोटाने पहिल्यापासून तपासली. मग पिशवीतून लाल पेन काढून आकड्याशेजारी बरोबरची खूण केली, तिच्या जुन्या पद्धतीची, खाली बारीक शेपूट असलेली. चौथीच्या अख्ख्या वर्षात ती त्याला एकदाही मिळाली नव्हती.